काळ्या दारांची पेटी

निमंत्रणाचं कार्ड रोलांदोच्या आतल्या खिशात होतं आणि आई ते पुन्हा मागत होती.

"एदेलमिराचं नाव छापलंय म्हणतोस ना, मग दाखव की."

"गॅलरीत ढीग पडलाय, आई. तिथे बघ."

"तिथलं तिथे बघेन. तुझ्याकडचं?"

"माझं खोलीवर राहिलं."

फोर्तुनाताने मुलाकडे एकदा पाहिलं आणि मांडीवरचं गाठोडं सरळ केलं. गाठोड्यात चाप्ला होते, डोंगरातल्या आयाकुचोच्या, म्हणजे घरच्या गावच्या भट्टीतले चपटे पाव. अख्ख्या प्रवासात तिने ते कुणाला पायाखाली ठेवू दिले नव्हते. टॅक्सीच्या पुढच्या सीटवर माक्सिमोकाका टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. जूनमधली लिमा नेहमीसारखी राखाडी होती. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, असं काहीतरी काचेवर चिकटत होतं.

खोटं बोलायची रोलांदोला सवय होती, पण गिऱ्हाइकांशी. घरच्या पेट्या लिमात विकायचं काम त्याच्याकडे आल्यापासून तो रोज थोडंफार खोटं बोलत असे. आईशी बोलताना मात्र त्याचे कान तापत.

ञाउपारींच्या घरात तीन पिढ्या रेताब्लो होत होते, म्हणजे दोन दारांच्या लाकडी पेट्या. उकडलेला बटाटा आणि जिप्सम एकत्र मळून त्याच्या बोटभर बाहुल्या करायच्या, रंगवायच्या आणि आत बसवायच्या. वरच्या मजल्यावर संत, खालच्या मजल्यावर गुरं, गवळणी, पाद्री, टोप्या शिवणारे, गुरं चोरणारे. लग्न, सुगी, येशूचा जन्म. काय वाटेल ते या पेट्यांत येत असे. एकच गोष्ट या घराने कधी पेटीत घातली नव्हती, आणि कार्डावर नेमका ती आत मांडलेल्या एदेलमिराच्या पेटीचा फोटो होता: १९८४ साली एमिलियानोला घरातून उचलून नेलं ती पहाट.

एमिलियानो म्हणजे रोलांदोचे वडील. तोंडं झाकलेले सैनिक आले होते, कुठल्या छावणीचे ते शेवटपर्यंत कळलं नाही. माणूस परत आला नाही, प्रेतही मिळालं नाही. रोलांदो तेव्हा आठ महिन्यांचा होता. आता सत्तावीस वर्षं झाली होती आणि घरात त्या पहाटेबद्दल कुणी बोलत नसे.

लिमाच्या बार्रांको भागात पोचल्यावर रोलांदोने टॅक्सी गॅलरीच्या दाराशी न थांबवता समोरच्या खानावळीशी थांबवली.

"आई, तू इथे बस. गरम सूप घे, पोटात काही नाहीये तुझ्या. मी आणि काका आत सामान ठेवून येतो."

"सामान कुठलं? पेट्या तर तू मागच्या आठवड्यातच आणल्यास."

"तरी पण."

ती बसली. मुलगा इतक्या अजीजीने सांगतोय तेव्हा काहीतरी असणार, हे तिला कळलं होतं.

*

माक्सिमोंची मुलगी एदेलमिरा गॅलरीत दिव्यांची उंची ठरवत उभी होती. तिच्या नावाचं हे पहिलं प्रदर्शन. पंधरा वर्षं ती लिमाच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये पेट्या करत होती आणि त्या 'माक्सिमो ञाउपारी यांची कार्यशाळा' या नावाने बाजारात जात होत्या. बापाच्या नावाला भाव होता. त्याबद्दल तिने कधी तक्रार केली नव्हती. या वेळी मात्र गॅलरीच्या मालकीणबाईंनी, सेन्योरा लेओनोरनी, दारावर तिचं नाव मोठ्या अक्षरांत लावलं होतं आणि बापाच्या पाच पेट्या बाजूच्या भिंतीला मांडल्या होत्या.

मधोमध, एकटीच, ती काळ्या दारांची पेटी होती. ञाउपारींच्या पेटीची दारं आतून फुलांनी भरलेली असतात. या दारांना तिने नुसता काळा रंग दिला होता.

काल फोनवर रोलांदो म्हणाला होता, "ताई, आई येतेय. एक दिवस ती पेटी मागच्या खोलीत ठेव." तिने फोन ठेवून दिला होता. आता तो बाबांना घेऊन आत आला तेव्हा ती पेटीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"सरक जरा," माक्सिमो म्हणाले.

ती सरकली. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं. खालच्या मजल्यावर घरातली खोली होती. उलटलेलं मेज, जमिनीवर सांडलेले अर्धवट रंगवलेले संत, तोंड झाकलेले तिघे, त्यांच्यामध्ये बनियनमधला एमिलियानो. दारात हात पसरून उभी असलेली म्हातारी. खाटेखाली, नीट पाहिलं तरच दिसेल अशी, एक मुलगी. वरच्या मजल्यावर एक लांब भिंत आणि भिंतीशी रांग लावून उभ्या बायका.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच, बाबा. बोटं तुमच्यासारखीच वळवते मी."

"बोटांचं विचारत नाही."

"मग नाही शिकवलं कुणी. मी तिथे होते."

माक्सिमोंनी चष्मा काढला. त्या वर्षांत सैन्य आणि बंडखोरांची लढाई चालू होती आणि सैनिक नाक्यानाक्यावर सामान उघडून बघत. एकदा गुराख्याच्या हातातली काठी बंदुकीसारखी दिसते म्हणून सैनिकांनी त्यांची अख्खी खेप बुटांखाली तुडवली होती. त्या दिवशी त्यांनी घरात सांगून टाकलं होतं की संत आणि गुरं सोडून पेटीत काही जाणार नाही. पुढे नाके उठले, शांतता झाली, आणि परदेशी लोक यायला लागले. "युद्धाची पेटी आहे का?" असं विचारत, मोठ्या मापाची टोपी आहे का विचारावं तसं. माक्सिमो नाही म्हणत. लहान भावाला बाहुली करून विकायचं त्यांना जमणार नव्हतं, आणि त्याचं कारण कुणाला समजावून सांगायची गरजही त्यांना वाटली नव्हती.

"ही काढ इथून," ते म्हणाले.

"काका बरोबर बोलतायत, ताई," रोलांदो म्हणाला. "आई समोरच बसलीये. आत येऊन हे बघेल, लोक जमलेले असतील, आणि मग काय? तिला कोण सावरणार?"

"तुम्ही दोघं ठरवून आलात वाटतं."

"ठरवायचं काय त्यात?"

"कार्डावर छापलंय, दारावर लावलंय. आता मागच्या खोलीत ठेवू? आणि लोकांना काय सांगू, कालपर्यंत होती, आज घरच्यांनी रागावून नेली?"

तेवढ्यात सेन्योरा लेओनोर आतून आल्या. त्यांना या घरची केचुआ भाषा येत नव्हती. तिघं कशावरून बोलतायत हे त्यांना समजलं नाही, आणि त्या आनंदात होत्या.

"रोलांदो, म्युझियमचे सेन्योर एचेगाराय निघालेत. तुम्ही फोनवर होकार दिलात ना, म्हणून ते कागद घेऊनच येतायत."

त्या फुलदाणी घेऊन पुढे गेल्या.

"होकार," एदेलमिरा म्हणाली. "कसला रे?"

"ताई, ऐक."

"माझी पेटी. मला न विचारता."

"विचारणारच होतो. अगं, म्युझियम म्हणजे काय कळतं का तुला? एकदा तुझं नाव तिथे लागलं की बाजारात उभं राहायची गरज नाही."

"आईला दाखवायची लाज वाटते," माक्सिमो सावकाश म्हणाले, "आणि विकायची नाही वाटत?"

रोलांदोचा चेहरा उतरला. मग तो एकदम बोलला, गिऱ्हाइकाशी बोलतो त्या आवाजात नव्हे.

"विकायचीच आहे, काका. म्युझियमात गेली की आमच्या घरात यायची नाही. आईच्या समोर यायची नाही. माझ्याही नाही. ताईचं भलं होईल आणि ही इथून जाईल. दुसरं काय करायचं हिचं? फोडायची?"

एदेलमिरा त्याच्याकडे बघत राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं की याला फक्त धंदा दिसतो.

"फोडायची नाही," ती म्हणाली.

"मग विकू दे."

"विकू. पण आज झाकायची नाही."

"ठीक आहे," रोलांदो म्हणाला, आणि माक्सिमोंच्या लक्षात आलं की आता ते एकटे पडले आहेत.

*

खानावळीच्या गल्ल्यावर कार्डांची चवड होती. फोर्तुनाताला वाचता थोडंच येई, पण चित्र बघायला वाचता यावं लागत नाही. तिने सूप संपवलं, गाठोडं मालकिणीकडे सांभाळायला दिलं, कार्ड उचललं आणि रस्ता ओलांडला.

आत दहाबारा माणसं आली होती. हातात पेले, अंगात चांगले कोट. तिला बघून लोक बाजूला झाले. का झाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रोलांदो तिच्याकडे धावला.

"आई, तुला बोलवायलाच येत होतो."

"हो का," ती म्हणाली. "खुर्ची आण."

त्याने खुर्ची आणली. ती पेटीसमोर बसली आणि बघत राहिली. एदेलमिरा बाजूला उभी होती. माक्सिमो भिंतीशी होते. सेन्योरा लेओनोरनी डोळ्यांनीच काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाही," एदेलमिरा स्पॅनिशमध्ये म्हणाली. "काकू पेटी बघतेय."

फोर्तुनाता पेटीकडे वाकली.

"खाटेखाली तू का?" फोर्तुनाताने केचुआत विचारलं.

"हो, काकू."

"आम्ही ओढून काढलं तेव्हा ओली झाली होतीस."

"ते नाही केलं मी."

"बरं केलंस." ती अजून पुढे वाकली. "दारात सासूबाई?"

"आजी. हो."

"आणि मी?"

एदेलमिराने वरच्या मजल्यावर बोट नेलं. "ही. रांगेतली. निळ्या शालीतली."

"ते नंतरचं. छावणीसमोर त्याला शोधत उभी होते तेव्हाचं. मी त्या खोलीत होते, एदेलमिरा. खोलीत मी कुठे आहे?"

ही पेटी करायला एदेलमिराला दोन वर्षं लागली होती. रडणं, ओरडणं, निघून जाणं, सगळ्याची तिने मनात तयारी केली होती. हे तिच्या मनात आलं नव्हतं.

"तू दिसली नव्हतीस मला," ती म्हणाली. "खाटेखालून जेवढं दिसलं तेवढं केलं. पाय दिसले, मेज पडलेलं दिसलं. बाकीचं आजीने सांगितलेलं."

"सासूबाईंनी." फोर्तुनाताने पेटीतल्या म्हातारीकडे बोट केलं. "सासूबाई दारात आल्या तेव्हा ट्रक गल्लीच्या तोंडाशी गेला होता. त्या मागच्या अंगणात चूल पेटवत होत्या. दारात उभ्या राहिल्या हे खरं. पण कुणाला अडवायला? मी धरलं होतं त्याला. कमरेला, दोन्ही हातांनी. आम्हाला दोघांना ओढत उंबऱ्यापर्यंत नेलं. सुटेना, तेव्हा बंदुकीचा दस्ता इथे मारला."

तिने बाही वर केली. डावं मनगट वाकडं होतं. रोलांदोने ते जन्मभर पाहिलं होतं. गाढवाने लाथ मारली होती, असं त्याला लहानपणी सांगितलं होतं, आणि त्याने ते खरं धरलं होतं.

"रोलांदो कुठे होता?" माक्सिमोंनी विचारलं. "तो तर तुझ्या माहेरी होता, वांताला."

"असं कुणी सांगितलं? माझ्या पाठीवर होता."

रोलांदो खुर्चीच्या मागे उभा होता. त्याने खुर्चीची पाठ धरली.

"हे तू कधी बोलली नाहीस," माक्सिमो म्हणाले.

"विचारलंत कधी? तुमच्या घरात संत आणि गुरं."

"भीती होती, फोर्तुनाता."

"पहिली काही वर्षं भीती होती, भाऊजी. नंतर सवय झाली. सासूबाई सांगायच्या, लोक त्यांच्या गळ्यात पडून रडायचे. मुलगा त्यांचा होता. मी काय बोलणार?"

*

सेन्योर एचेगाराय कधी आले ते कुणाला कळलं नाही. बारीक चणीचे, नम्र गृहस्थ. पेटीसमोर बाई बसलेली पाहून ते लांबच थांबले. सेन्योरा लेओनोरनी त्यांना हळूच सांगितलं की हीच ती विधवा. तेव्हा त्यांनी पेला ठेवून दिला.

रोलांदोला काहीतरी करायलाच हवं होतं.

"ताई," तो म्हणाला, "दोन बाहुल्या वाढव. आई आणि... पाठीवर. आठवड्याचं काम आहे. मी त्यांना सांगतो थांबायला."

"नाही."

"अगं, ती होती तिथे."

"होती. पण मी बघितलं नाही ते मी यात कसं घालू? हे मी केलंय ते मला दिसलं म्हणून. आता ऐकून दोन बाहुल्या चिकटवल्या तर ते खोटं दिसेल. तूच बघशील, रोलांदो, कळेल तुला."

"म्हणजे आई नसलेलीच चालेल तुला?"

"नको घालू," फोर्तुनाता म्हणाली.

दोघंही तिच्याकडे वळले.

"ती खाटेखालून पाहिलेली पेटी आहे. सात वर्षांच्या पोरीला जेवढं दिसलं तेवढं आहे त्यात, आणि ते बरोबर आहे. बूट बरोबर आहेत. मेज त्याच बाजूला पडलं होतं." ती उठली. "माझी ती नाही, एवढंच. विक खुशाल. खाली काय लिहिलंय?"

"आयाकुचो, १९८४."

"बस?"

"आणि माझं नाव."

"त्याचं?"

एदेलमिराने रोलांदोकडे पाहिलं. ते नाव नको, असं त्यानेच सांगितलं होतं. उगाच चौकश्या होतील, कुणीतरी काहीतरी विचारेल, असं म्हणाला होता.

"घरात घेत नव्हतो आपण नाव," फोर्तुनाता म्हणाली. "ही तर परक्यांच्या घरी चाललीय. तिथे कोण सांगणार कोणाला नेलं ते? लिही."

सेन्योरा लेओनोर म्हणाल्या की उद्या नीट छापून घेता येईल. रोलांदोने ऐकलं नाही. त्याने खिशातून पेन काढलं, पेटीखालचं कार्ड भिंतीवर टेकवून त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: एमिलियानो ञाउपारी. शेवटचं अक्षर कडेला घसरलं. मग त्याने सेन्योर एचेगारायना जवळ बोलावलं.

"ही तुम्ही घ्या," तो म्हणाला. "पण हे नाव काढायचं नाही. छापताना, कुठे पाठवताना, कधीच नाही."

"कागदात घालू," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुमचे वडील?"

"हो."

हे तो परक्या माणसाशी पहिल्यांदाच बोलत होता.

एदेलमिराच्या भोवती लोक जमले. कुणी हात मिळवला, कुणी विचारलं की डोळे कसे रंगवता, दुसऱ्या कुणी विचारलं की हे सगळं खरंच घडलेलं का. ती उत्तरं देत होती. विकल्याचा लाल ठिपका कार्डाच्या कोपऱ्यात लागला तेव्हा तिला आनंद झाला, आणि त्याबद्दल वाईटही वाटलं नाही. मात्र तिची नजर वारंवार मागच्या अंगणाच्या दाराकडे जात होती. काकू तिकडे गेली होती.

*

अंगणात दगडी बाक होता. रोलांदो आईजवळ जाऊन बसला. आतला गोंगाट इथे कमी येत होता.

"गाढव कुठलं होतं मग?" त्याने विचारलं.

"नव्हतंच गाढव. आपल्याकडे कधी गाढव होतं का रे?"

"मला वाटायचं विकलं असेल."

फोर्तुनाता थोडं हसली. रोलांदोने पायाशी पडलेलं एक पान उचललं.

"मी रडत होतो का?"

"कधी?"

"तेव्हा. पाठीवर."

"नाही. झोपला होतास." तिने शाल ओढून घेतली. "एवढा आरडाओरडा, मला फरफटत नेलं, तरी नाही उठलास. मग उजाडल्यावर उठलास आणि दूध मागितलंस. आणि मी दिलं. मनगट सुजलेलं, तुला नीट धरताही येत नव्हतं."

रोलांदोने तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. लहानपणानंतर त्याने तो असा धरला नव्हता. हाड कुठे वळलं होतं ते अंगठ्याला लागत होतं.

आत एक बाई माक्सिमोंना त्यांच्या येशूजन्माच्या पेटीबद्दल विचारत होत्या. मेंढ्या इतक्या का, म्हणून. माक्सिमोंनी उत्तर सुरू केलं, अर्ध्यावर सोडलं, "माफ करा" म्हणाले आणि अंगणात आले. टोपी हातात होती. ते बाकासमोर उभे राहिले. बाहुल्यांचं पीठ मळताना करतात तशी त्यांची बोटं एकमेकांवर फिरत होती.

"फोर्तुनाता."

"काय, भाऊजी?"

"मूल कुठल्या खांद्यावरून बांधलं होतंस?"

तिने वर पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते, समजूतही काढत नव्हते. कारागीर विचारतो तसं विचारत होते.

"उजव्या," ती म्हणाली. ती उठली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. शाल तिने मागून पुढे घेतली. "गाठ इथे, छातीवर. याचं डोकं या बाजूला पडलेलं."

"पाय?"

"शालीतच. थंडी होती."

"आणि तू एमिलियानोला धरलंस ते पुढून की मागून?"

"मागून. त्यांनी दोन्ही हात ओढले होते त्याचे, पुढे जागाच नव्हती." तिने हवेत हात पुढे केले, पण ते नीट दाखवता येईनात. "असं नाही. थांबा. रोलांदो, ऊठ. इथे उभा राहा. तिकडे तोंड कर."

एदेलमिरा दारात येऊन थांबली होती. आतून कुणीतरी तिला हाक मारत होतं, तिने ओ दिली नाही.

रोलांदो उठला आणि आईकडे पाठ करून उभा राहिला. बापाला नेलं तेव्हा बाप रोलांदोच्या आताच्या वयापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता, आणि उंची तीच होती, असं सगळे म्हणत. फोर्तुनाताने मागून त्याच्या कमरेला मिठी घातली, दोन्ही हातांची बोटं पुढे अडकवली आणि गाल त्याच्या पाठीला टेकवला.

"असं," ती म्हणाली.

माक्सिमो दोन पावलं मागे सरले, चष्मा लावला, आणि नीट बघू लागले.